खाडीत बुडवलेला आवाज

मुंबईत चार वर्षं काढून मी घरी काय आणलं असेल, तर मोठ्याने बोलायची सवय. गिरगावात माझी खोली एका छापखान्याच्या डोक्यावर होती. मागच्या अंगाला तांबट, पुढच्या अंगाला ट्रामचा खडखडाट. नोकरी यंत्रं विकणाऱ्या एका पेढीत. तिथे दाखवायला म्हणून एक इंजिन दिवसभर चालूच ठेवलेलं असे, आणि "जेवलास का?" हे सुद्धा भांडण काढल्यासारखं विचारावं लागे. गावी आल्यावर पहिल्याच दिवशी मी ओटीवरून आईकडे पाणी मागितलं, तेव्हा आई आतून म्हणाली, "अरे, मी चुलीपाशी आहे, रेवदंड्याला नाही."

आमचं गाव चौलच्या अलीकडे, खाडीच्या काठाला. मागे वाड्या, पुढे कोळीवाडा, मध्ये आम्ही. दुपारी जेवणं उरकली की इतकं सामसूम होई, की वाडीत झावळी पडली तरी मी अंथरुणात उठून बसायचो. मुंबईत छापखान्याच्या ठोक्यांवर डोळा लागायचा आणि इथे शांततेने झोप उडायची. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, दोन दिवस नांगर धर, झोप आपोआप येईल. नांगर धरण्यापेक्षा इंजिन आणणं मला सोपं वाटलं.

ही एकोणीसशे तिसाच्या आगेमागेची गोष्ट. भात सडायची गिरणी तेव्हा आमच्या बाजूला नव्हती. मी वडिलांच्या मागे लागलो. इंजिनातलं मला सगळं कळतं, असं मी छातीला हात लावून सांगितलं. खरं म्हणजे चार वर्षं मी इंजिनांची फक्त बिलं लिहिली होती. पण बाप मुलावर एकदाच विश्वास टाकतो, तो त्यांनी त्या वेळी टाकला. इंजिन मचव्यातून आलं. ते उतरवायला दहा माणसं होती आणि सल्ला द्यायला पन्नास. भात होडीने येतं, म्हणून गिरणीची शेड मी अगदी खाडीला लागून बांधली. ही अक्कल माझीच. पुढे जे झालं त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

इंजिन सुरू झालं तेव्हा माडांवरचे झाडून सगळे कावळे उडाले आणि संध्याकाळपर्यंत बसले नाहीत. धुराच्या नळीतून निघणारा तो आवाज, पुक्क-पुक्क-पुक्क, गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घरात शिरून बसला. देवळात आरती त्याच्याशी शर्यत लावायची. शाळेतली पोरं त्या ठेक्यावर पाढे म्हणायला लागली, आणि इंजिन अडखळलं की तीही अडखळायची. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. बायका खूश होत्या. पहाटे उठून भात भरडायचं घिरट ओढणं आणि नंतर मुसळाने सडणं, यातून त्यांचे हात सुटले होते. माझी चुलती म्हणाली, आवाज काय रे, सासूबाईंचाही होताच की.

तक्रार घेऊन आले ते वैद्यबुवा. गावातल्या सगळ्यांच्या नाड्या त्यांच्या बोटांखालून गेलेल्या. ते आमच्या ओटीवर बसले, पाणी घेतलं, आणि वडिलांना म्हणाले, "तुमच्या चिरंजीवांनी सगळ्या गावाची नाडी एक करून टाकली. बाळंतिणीची धरा, म्हाताऱ्याची धरा, काल मी चुकून खाटेच्या पायाला हात लावला, त्याचीही तीच. आता औषध कोणाला द्यायचं, माणसाला की तुमच्या इंजिनाला?" वडील हसले नाहीत. मी हसलो, आणि वडील माझ्याकडे बघत आहेत हे दिसल्यावर थांबलो. दोन दिवसांनी देवळात बैठक बसली. गिरणी बंद करा असं कोणी म्हणालं नाही. आवाज बंद करा, एवढंच म्हणणं होतं. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत मला जी युक्ती सुचली तिच्यावर मी जितका खूश झालो तितका आजतागायत कशावरच झालो नाही. देवघरातली घंटा घेतली, पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवली आणि आत हलवली. आवाज नाही म्हणजे नाही. पुन्हा हलवली. वर आली ती फक्त थोडीशी कुरकुर. आई देवघरात आली, घंटा बादलीत बघितली आणि जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. पण माझं काम झालं होतं. आवाज पाण्यात बुडवला की मरतो. बादलीत आपला कान घालून बघावा, हे मात्र मला सुचलं नाही.

मग मी लोखंडी नळ आणले, जोडले, आणि इंजिनाचा धूर शेडीतून काठावरून खाली नेऊन खाडीत सोडला. ओहोटीलासुद्धा उघडं पडणार नाही इतक्या खोल. पहिल्या दिवशी इंजिन बंद केलं आणि त्याने उलटं खाडीचं खारं पाणी पिऊन घेतलं. ते त्याच्या पोटातून काढायला चार दिवस आणि अलिबागचा एक मिस्त्री लागला. मिस्त्री मला विचारत होता, हे कोणी केलं. मी म्हणालो, आधीच्या माणसाने. त्याने नळाला उंच वळण दिलं आणि गेला. त्यानंतर इंजिन चाललं ते असं, की गावात कळायचंही नाही. काठाशी पाण्याला फक्त बुडबुडे यायचे. पोरं बघायला यायची, खाडी उकळतेय म्हणायची. वैद्यबुवांनी देवळात सगळ्यांसमोर माझ्या हातात नारळ दिला. तो नारळ मी फोडला नाही. कित्येक दिवस फळीवर ठेवून येताजाता बघायचो.

आता तांडेलांविषयी सांगायला हवं. कोळीवाड्यातले हे म्हातारे पूर्वी होडीचे तांडेल होते, होडीवरचे मुख्य. आता तांडेलकी मुलाकडे होती, पण सगळं गाव त्यांनाच तांडेल म्हणे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. हातांनी दोर ओढवत नव्हता. तरीही होडी त्यांच्याशिवाय सुटत नसे, कारण त्यांचा कान. घोळ आणि ढोमी ही मासळी पाण्यात बोलते. तांडेल नाळेवर, होडीच्या अगदी पुढच्या टोकाला, बसायचे, वल्ह्याचं पातं पाण्यात उभं धरायचे, दांड्याच्या वरच्या टोकाला कान टेकवायचे आणि डोळे मिटायचे. होडीत कोणी खोकायचं नाही. मग त्यांचा एक हात वर व्हायचा, ज्या दिशेला तो जायचा त्या दिशेला जाळं पडायचं. घोळीचा मोठा थवा सापडला तर कोळीवाड्यात आठ दिवस सण असे.

मुंबईहून आल्याआल्या मी हट्टाने एकदा त्यांच्या होडीत गेलो होतो. त्यांनी मला दांड्याला कान लावू दिला. मी बराच वेळ भक्तिभावाने डोळे मिटून बसलो आणि म्हणालो, ऐकू आलं, ऐकू आलं. काय ऐकू आलं, त्यांनी विचारलं. मी ठोकून दिलं, की शिट्टीसारखं काहीतरी. सगळी होडी हसली. तांडेल म्हणाले, घोळ बोलते ती बेडकासारखी, जाड गळ्याने, आणि ढोमी कुरकुरते ती सुनेवर रागावलेल्या सासूसारखी. शिट्टी मारते ती फक्त मुंबईची गाडी. "तुमचा कान अजून मुंबईतच हाय, भाऊ. दोन सालं मिठाच्या पाण्यात भिजत घाला."

त्या वर्षी दिवाळीनंतर गिरणी भरात आली आणि होड्या रिकाम्या यायला लागल्या. मला त्याचं काही नव्हतं. मासळी कधी असते, कधी नसते. एका सकाळी पोट बिघडलं म्हणून मी वैद्यबुवांकडे गेलो, तर आत तांडेल बसलेले. मुलगा दाराशी उभा. म्हातारा मान खाली घालून सांगत होता, "घोळ न्हाय, ढोमी न्हाय. वल्ह्याला कान लावला की नुसती धुकधुक. माझीच." वैद्यबुवांनी त्यांच्या कानात बघितलं, नाडी धरली आणि हळूच सांगितलं, की वय झालं की रक्ताचा आवाज कानात येतो. लसूण घालून कढवलेल्या तेलाचे थेंब दिले. मीही तिथे बसून मान हलवली. वय झालं की होतं असं. माझं वय तेव्हा सव्वीस.

घरी येताना नळाजवळ थांबलो. बुडबुडे येत होते, पुक्क-पुक्क-पुक्क. आणि माझ्या पोटातलं दुखणं एकदम थांबलं. घरी जाऊन मी आईच्या नकळत पुन्हा घंटा घेतली, बादली भरली, एका हाताने घंटा पाण्यात हलवली आणि या वेळी डोकं वाकवून कान पाण्यात घातला. घंटा माझ्या कवटीच्या आत वाजली.

मग धक्क्यावर गेलो, बांधलेल्या एका होडीत चढलो, वल्हं पाण्यात उभं केलं आणि दांड्याला कान लावला. माझंच इंजिन. शेडीत उभं राहून ऐकू येत नव्हतं इतकं स्वच्छ. सगळी खाडी त्याने भरली होती. गावाच्या डोक्यावरून मी जो आवाज काढला होता, तो उचलून एका म्हाताऱ्याच्या कानात ओतला होता.

यानंतर शहाण्या माणसाने काय केलं असतं ते सांगायला नको. मी केलं नाही. गिरणीच्या अंगणात भाताच्या पोत्यांची रास लागली होती, लांबलांबच्या गावांहून बायका डोक्यावर भात घेऊन येत होत्या, वडील पहिल्यांदाच चारचौघांत माझं नाव काढत होते, आणि फळीवर तो नारळ होता. मी स्वतःशी ठरवलं, की हंगाम संपू दे, शिमग्यापर्यंत थांबू, मग सांगू. रोज मी स्वतःला नवं कारण द्यायचो आणि रोज ते मला पटायचं. मुंबईच्या पेढीत एवढी हुशारी दाखवली असती तर मला काढलं नसतं.

दरम्यान तांडेलांच्या मुलाने नाळेवर दुसरा माणूस बसवला. तो वाईट मुलगा नव्हता. त्याच्या होडीवर सहा घरं जेवत होती आणि बापाचा हात आता वरच होत नव्हता. एकदा दोनदा म्हाताऱ्याने नुसत्या अंदाजाने हात वर केला, जाळं पडलं, वर आलं ते शेवाळ आणि खेकडे. तिसऱ्या वेळी तो स्वतःच म्हणाला, मना उतरवा. दुसऱ्या दिवसापासून त्याला सुकत घातलेल्या बोंबलांच्या दांड्यांखाली कावळे हाकायला बसवलं. हातात काठी. कावळा आलेला त्याला दिसायचा नाही, पंखांच्या आवाजावर तो काठी फिरवायचा, आणि काठी बरोबर लागायची. मी ते दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा त्या वाटेने गेलो नाही, लांबच्या वाटेने जायला लागलो.

शिमग्याला अजून महिना होता तेव्हा मी गेलो. धीर आला म्हणून गेलो असं म्हणायला आवडलं असतं. खरी गोष्ट अशी, की लांबच्या वाटेवर एक चावरं कुत्रं होतं. तांडेलांसमोर वाळूत बसलो आणि सगळं सांगितलं. घंटा, बादली, नळ, आणि मला किती दिवसांपासून ठाऊक होतं तेही. मुलगा जाळं शिवत होता. त्याने सुई बाजूला ठेवली. मला वाटलं, आता उठेल आणि मारेल, आणि मनातून मी त्याची वाटच बघत होतो. पण म्हातारा हसला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पूर्वी फक्त पोरांच्या चेहऱ्यावर बघितलं होतं, आई बाजारातून परत आल्यावर.

"म्हंजे माझा कान गेला न्हाय," तो मुलाला म्हणाला. "आयकलंस ना? कान हाय."

मी म्हणालो, उद्या सकाळी इंजिन सुरूच करत नाही. वडील घरी काय म्हणाले ते म्हणाले. सकाळी मी जातीने शेडीत गेलो, पट्टा काढला, शेडीला कुलूप लावलं, चावी खिशात घातली आणि होडीत येऊन बसलो. म्हाताऱ्याने धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. नाळेवर बसताना त्याने हाताने जागा चाचपली, तिथे दुसऱ्याने ठेवलेली तंबाखूची पिशवी काढून मागे टाकली. ओहोटी लागली होती. मुलाने खाडीच्या तोंडाशी होडी थांबवली. तांडेलांनी वल्हं उभं केलं, दांड्याला कान टेकवला, डोळे मिटले. कोणी खोकलं नाही.

त्यांचा हात मांडीवरच होता. मग त्यांनी कान न काढता विचारलं, "भाऊ, कुलूप नीट लावलाव?"

मी खिशातली चावी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि परत दिली.

"चालू हाय," ते म्हणाले.

मुलगा म्हणाला, "बाबा, बंद हाय. काठाला बुडबुडा न्हाय. मी बघतंय ना."

"मना आयकू येतंय."

मुलाने त्यांच्या हातून वल्हं घेतलं नाही. मीच पुढे सरकलो. का, ते मलाही कळलं नाही, काहीतरी करायचं म्हणून. दांड्याला कान लावला. आधी नुसती पाण्याची घरघर. मग तिच्याखालून, लांबून, जाड गळ्याने कोणीतरी बोलल्यासारखं. थांबलं. परत आलं, आता एक नाही, बरेच. बेडकांसारखे. मी मान वर केली. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा होत होतं, आणि ते कोणाला सांगू नये एवढं मला कळलं असतं तर बरं झालं असतं. मी सांगून मोकळा झालो. म्हणालो, तांडेल, आहे, घोळ आहे, बेडकासारखं.

"कुठं?" मुलाने विचारलं.

कुठं ते मला कळत नव्हतं. सगळीकडे वाटत होतं. मी एका बाजूला हात केला, मग दुसऱ्या. मुलगा माझ्या हाताकडे बघत राहिला. तांडेलांनी पुन्हा कान लावला, घाईने, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून, जसा कोणी दार उघडायच्या आधी कडी धरतो. मग सोडला. तोपर्यंत ती मासळी जायची तिकडे गेली होती. मुलाने होडी वळवली. धक्का जवळ आल्यावर म्हातारा म्हणाला, "आता तुमचा कान भिजला, भाऊ."

त्याच दुपारी मी नळ उपसून काढला. इंजिन पूर्वीसारखं हवेत ओरडायला लागलं. पाचव्या दिवशी वैद्यबुवा आले. सहाव्या दिवशी देवळात बैठक. मी सगळं सांगितलं, तांडेलांचं, मासळीचं, बादलीचंही. त्यांनी ऐकून घेतलं. मग एकाने विचारलं, की पण आता तर त्यांना तसंही ऐकू येत नाही ना? वडिलांनी नळ पुन्हा खाडीत सोडायला लावला आणि या वेळी जोड मी नाही, मिस्त्रीने बसवले. होड्या हळूहळू लांब समुद्रात जायला लागल्या. वल्ह्याला कान लावणं पुढच्या वर्षी कोणी केलं नाही.

तांडेल बोंबलांच्या दांड्यांखालीच राहिले. मी आता जवळच्या वाटेने जात असे. माझी पावलं ओळखून ते कानाशी बोट नेऊन विचारायचे, आज चालू हाय का बंद? मी खरं सांगायचो. चालू असलं की ते मान हलवायचे. बंद असलं की त्या दिवशी जेवत नाहीत, असं मुलगा सांगे. एका एकादशीला इंजिन बंद होतं. त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चालू आहे.

"मंग बरोबर," ते म्हणाले. काठी खाली ठेवून त्यांनी पान लावलं, अर्धं मला दिलं.

त्यानंतर मी नेहमीच चालू आहे म्हणायचो. दोन वर्षांनी पलीकडच्या काठावर आमच्याहून मोठी गिरणी आली. तिची नळी सरळ आभाळात होती आणि तिच्याविरुद्ध बैठक बसवायला तिथे देऊळ जवळ नव्हतं. आमचं इंजिन मोडीत गेलं, तरी तांडेलांना मी चालूच सांगत राहिलो. शेडीत आईने शेळ्या बांधल्या. फळीवरचा नारळ उंदरांनी कधी पोखरला ते मला कळलंच नाही. उचलला तेव्हा आतून रिकामा होता.

एका दुपारी मी दांड्यांखालून जात होतो. पलीकडची गिरणी त्या दिवशी बंद होती, आमची तर आता उरलीच नव्हती. भरती थोपली होती. वारा नव्हता. खाडीवर मी लहानपणी ऐकलेलं, आणि मुंबईहून आल्यावर ज्याने माझी झोप उडवली होती ते सामसूम पसरलं होतं. म्हाताऱ्याने मान किंचित वाकडी केली होती, नाळेवर करायचा तशी.

"चालू हाय ना, भाऊ?"

चालू आहे, मी म्हणालो.

"आज जोरात हाय."